सिंहासन बघा, पण दिगूसारखं हसू नका

महाराष्ट्रात सरकार डळमळलं की दोन धंदे तेजीत येतात. एक मोठ्या हॉटेलांचा, दुसरा 'सिंहासन'च्या तुकड्यांचा. 23 नोव्हेंबर 2019 ला लोक दात घासत होते तेवढ्यात राजभवनावर शपथ उरकली, तेव्हा हेच झालं. जून 2022 मध्ये आमदार सुरतेहून गुवाहाटीला पोचले, तेव्हा हेच. 2 जुलै 2023 ला रविवारच्या जेवणावरून लोक उठले आणि बघतात तो पुन्हा शपथ, तेव्हाही हेच. दर वेळी आपल्या पोरांच्या मोबाइलवर काळापांढरा अरुण सरनाईक, काळेपांढरे श्रीराम लागू आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटलेला निळू फुले. खाली कुणीतरी लिहितो : बघा, 1979 सालीच सगळं सांगून ठेवलं होतं.

सांगून ठेवलं होतं, हे खरंच आहे. पण कुणाला सांगितलं, कुणाबद्दल सांगितलं आणि काय सांगायचं राहून गेलं, हे कुणी विचारत नाही. म्हणून या अंकाचं संपादकीय एका सिनेमावर. काही मित्र म्हणतील, च्यायला, चळवळीच्या मासिकात सिनेमाचं परीक्षण कशाला? हे परीक्षण नाही. राजकारण म्हणजे काय याचं जे चित्र आपल्या पोरापोरींच्या डोक्यात बसलंय, त्यातलं बरंचसं या सिनेमाने बसवलंय. त्या चित्राचा हिशेब मला करायचाय.

ज्यांनी नुसते तुकडेच बघितलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून हा सिनेमा झाला. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. मुख्यमंत्री जिवाजीराव म्हणजे अरुण सरनाईक. त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे लागू. कामगारांचा पुढारी डिकास्टा म्हणजे सतीश दुभाषी. या सगळ्यांच्या दारांतून आतबाहेर करणारा, सगळं ऐकणारा, सगळं कळणारा बातमीदार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. एक निनावी फोन येतो. तुमची खुर्ची काढून घ्यायचा कट शिजतोय, सांभाळा. तिथून सुरू. कोण पडतं आणि कोण तगतं ते मी सांगत नाही. ज्यांनी बघितला नाही त्यांची मजा का घालवा?

आधी जे चांगलं आहे ते मोकळ्या मनाने कबूल करू. सिनेमा जबरदस्त आहे. यात तलवारबाजी नाही, पाठलाग नाही. एक टेलिफोन, एक गाडी, एक सोफा आणि समोरासमोर बसलेली दोन माणसं, एवढ्यावर जब्बार पटेल आपल्याला जागेवरून उठू देत नाहीत. त्यांच्याच 'सामना'त ज्या निळू फुल्यांनी साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील उभा केला, ज्यांना बघून बाया पदर सावरत, त्यांच्याच अंगावर इथे बातमीदाराचा चुरगळलेला शर्ट आहे. 'सामना'त हिंदुरावापुढे उभा राहून जाब विचारणारे मास्तर लागू इथे खुर्चीचा भुकेला मंत्री झालेत. मराठी सिनेमा तमाशाच्या फडात आणि पाटलाच्या वाड्यात अडकला होता, त्या काळात या माणसांनी कॅमेरा सत्तेच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवला. पुढारी व्यासपीठावर काय बोलतो आणि फोनवर काय बोलतो, हे मराठी माणसाने पडद्यावर असं आधी बघितलं नव्हतं. संपसुद्धा कुणाच्या तरी हातातलं पान होऊ शकतो, स्मगलरचा पैसा आणि मंत्र्याचं खादी जाकीट एकाच गाडीत बसू शकतं, हे या सिनेमाने ठणकावून सांगितलं. आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने तो एकदा तरी पूर्ण बघावा. तुकड्यांत नव्हे, पूर्ण.

आता दुसरी बाजू.

त्याच काळात दिल्लीत एका सिनेमाचं काय झालं ते आठवा. अमृत नाहटांचा 'किस्सा कुर्सी का'. आणीबाणीत त्याच्या प्रिंट जप्त झाल्या आणि जाळल्या गेल्या. त्यावर खटला झाला, 1979 साली खालच्या कोर्टात संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ला दोषी ठरले, पुढे सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडलं. म्हणजे खुर्चीवरचा सिनेमा दिल्लीला इतका झोंबला की तिने तो जाळला. आणि मुंबईत? 'सिंहासन'च्या शूटिंगला खुद्द मंत्रालयाची दारं उघडी झाली. मुख्यमंत्री होते शरद पवार. ही परवानगी उदारपणाची होती, कलेबद्दलच्या आस्थेची होती, हे मी नाकारत नाही. पण दोस्तहो, थोडा विचार करा. सत्तेवर टीका करणाऱ्या सिनेमाला सत्तेने स्वतःच्या कचेरीची किल्ली दिली, याचा अर्थ त्या टीकेने आपल्या खुर्चीचा पाय मोडणार नाही, हे सत्तेला ठाऊक होतं. पुढाऱ्यांची लबाडी दाखवली तर सत्तेला चालतं. लबाडी सगळ्यांनाच माहीत असते. सत्तेला खरी भीती वेगळ्या गोष्टीची आहे. तिथे मी येतोच.

मध्यंतरी आमच्या मित्रांनी हा सिनेमा पालीला दाखवला. भाईंदर स्टेशनला पश्चिमेला उतरून उत्तनची बस पकडायची, मुर्धे, राई, मोर्वा, डोंगरी मागे टाकत गेलं की समुद्र लागतो. पाली हे कोळ्यांचं, ख्रिस्ती वस्तीचं गाव, मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतलं. बोंबील सुकवायच्या बांबूंच्या पलीकडे एका भिंतीवर चादर ताणली. गावातली पोरं होती, भाईंदरच्या वस्त्यांतून आलेली आपली पोरंपोरी होती. डिकास्टाचं नाव आलं तेव्हा पालीची पोरं खुश. हे तर आपल्याच आळीतलं नाव वाटतंय म्हणाली. लागूंच्या डावांना टाळ्या पडल्या. शेवटाला सगळे गप्प.

मग बोलणं सुरू झालं. आपल्या वस्तीतली एक मुलगी, जी एका कचेरीत साफसफाईच्या कंत्राटावर काम करते, ती म्हणाली, "दादा, एवढी भांडणं झाली त्या खुर्चीवरून. पण ती खुर्ची रोज सकाळी पुसतं कोण, ते काही दाखवलं नाही."

मी गार झालो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या सिनेमावर जे लिहिलं गेलं त्यातलं पुष्कळ मी वाचलंय. हा प्रश्न माझ्या वाचनात आला नव्हता. सिनेमात गरीब आहेत. चाळ आहे, फूटपाथ आहे, भिकारी आहेत. पण ते मागे उभे आहेत, नाटकाच्या पडद्यावर रंगवलेल्या झाडासारखे. पुढारी बोलतात, कट करतात, घाबरतात, घाम पुसतात. गरिबाने फक्त असायचं. आणि जात? जिच्यावर महाराष्ट्राचं सगळं राजकारण चालतं, मंत्रिमंडळाची यादी करताना जी पहिली बघितली जाते, ती या डावाचा कणा म्हणून पडद्यावर उभी राहत नाही. माणसं लोभी आहेत म्हणून राजकारण घाणेरडं आहे, असं सिनेमा सांगतो. ही लोभी माणसं सगळी ठरावीक घरांतूनच खुर्चीपर्यंत का पोचतात, हे तो विचारत नाही.

मग पालीचा एक कोळी बोलला, वयाने मोठा. तो म्हणाला, "या पिक्चरमधी सगला चोरून चाललाय. आमच्याकडं तर सगला नोटीस लावून होते."

दोस्तहो, या एका वाक्यात सगळं संपादकीय आलं.

या माणसांनी काय काय बघितलंय? 2000 च्या दशकात गोराई-मनोरी-उत्तनच्या पट्ट्यावर पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र आणायचा घाट घातला गेला. गावं उठली म्हणून तो बारगळला. सगळ्या मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर येतो, वर्षानुवर्षं, आणि गावकरी वर्षानुवर्षं त्याविरुद्ध ओरडताहेत. 2025 साली मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरीच्या टेकडीवरची बारा हजारांहून जास्त झाडं तोडायची नोटीस झाडांवरच डकवली गेली. यात कुठला निनावी फोन आहे? कुठली काळोखातली गाडी आहे? राजपत्र, नकाशा, सही, शिक्का आणि खाली हरकतीची मुदत. भरदिवसा. दिगू टिपणीसला बातमी काढायला मंत्र्याच्या बंगल्यावर जावं लागलं. इथे बातमी झाडाच्या बुंध्याला खिळ्याने ठोकलेली असते.

आणि आपली गोष्ट? आपली तर त्याहून उघडी.

'सिंहासन' पडद्यावर आला 1979 साली. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै 1978 मध्ये, मुंबईत खरंखुरं सिंहासन उलथलं. वसंतदादांचं सरकार आतूनच फुटलं आणि 18 जुलैला शरद पवार पुलोदचे मुख्यमंत्री झाले. पाठीत खंजीर की राजकीय कौशल्य, यावर महाराष्ट्र अजून चवीने गप्पा मारतो. हा झाला कट. याच्यावर सिनेमे निघतात, पुस्तकं निघतात, दिवाळी अंक भरतात. पण त्यानंतर नऊ दिवसांनी काय झालं? 27 जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आपली घरं जळली. आपल्या विहिरी, आपली भांडीकुंडी, आपली पोरंबाळं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. त्यात गुप्त काय होतं? जाळणारे शेजारच्या आळीतले होते, ओळखीचे होते, नावानिशी माहीत होते. सभागृहात ठराव एकमताचा आणि गावात रॉकेलचे डबेही एकमताचे. ज्या मंत्रालयाच्या जिन्यावर कॅमेरे लागले, त्याच मंत्रालयात नामांतराची फाइल पडून होती. 1979 च्या नोव्हेंबरात हजारो माणसं जोगेंद्र कवाड्यांबरोबर नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्चला पायी निघाली आणि लाठ्या खाऊन आली. नाव मिळालं 14 जानेवारी 1994 ला. सोळा वर्षं. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी नांदेडला गौतम वाघमारेने स्वतःला जाळून घेतलं. मुख्यमंत्री कोण होते? पुन्हा पवारच. मधल्या काळात खुर्ची किती वेळा फिरली ते मोजा. आपली फाइल किती हलली तेही मोजा.

साधूंच्या कादंबऱ्या 1978 च्या आधीच्या, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जब्बार पटेलांनी पुढे 1994 मध्ये 'मुक्ता' केला, त्यात दलित कवी-कार्यकर्ता कथेच्या मध्यावर आला. नंतर मामुट्टीला घेऊन बाबासाहेबांवरचा सिनेमा केला. म्हणजे माणसाची नियत स्वच्छ आहे. माझं भांडण माणसाशी नाही. भांडण आहे ते आपण हा सिनेमा ज्या डोळ्यांनी बघतो त्या डोळ्यांशी.

कारण कटाचा सिनेमा बघता बघता आपल्याला वाटायला लागतं की राजकारण म्हणजे बंद दारामागे दहा माणसं जे करतात ते. बाकीचे अकरा-बारा कोटी प्रेक्षक. मग आपणही दिगू होतो. आतली बातमी काय, कोण कुणाला भेटला, कोण नाराज आहे, एवढ्यावर आपली चहाची टपरी रात्री बारापर्यंत चालते. पोरं आमदारांचे आकडे तोंडपाठ सांगतात. आपल्या वॉर्डातल्या शौचालयाच्या कंत्राटाचा आकडा विचारा, गप्प.

11 जुलै 1997, घाटकोपर, रमाबाई नगर. सकाळची वेळ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून माणसं रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या घातल्या. दहा जण गेले. वर्दी होती, बंदूक सरकारी होती, ऊन होतं. सरकार तेव्हा युतीचं होतं. 1978 ला पुरोगामी होतं, 1997 ला भगवं होतं. सिंहासन बदललं की आपलं काय बदलतं, याचा हा उजेडातला पुरावा आहे.

अजून ताजं घ्या. सिनेमातला अर्थमंत्री आपल्याला खिळवून ठेवतो ते त्याच्या कटामुळे. खऱ्या अर्थखात्याचं काम बघायला कुणाला वेळ आहे? मे 2025 मध्ये राज्यात सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. त्या खात्याच्या मंत्र्यानेच जाहीर तक्रार केली. बहिणींना पैसे मिळू नयेत असं आम्ही म्हणत नाही, आमच्याच आया-बहिणी त्या रांगेत आहेत. पण एका हाताने द्यायचं आणि पोराच्या शिष्यवृत्तीच्या, पोरीच्या वसतिगृहाच्या खात्यातून दुसऱ्या हाताने काढायचं, ही चलाखी बंगल्यावर मध्यरात्री झाली नाही. कागद निघाला. कागद छापला गेला. तो वाचायला आपण कुठे होतो? आपण मोबाइलवर लागूंचा तुकडा बघत होतो आणि म्हणत होतो, काय साला ॲक्टिंग करतो!

मी मघाशी म्हटलं, सत्तेला लबाडी दाखवल्याची भीती नसते. मग कशाची असते? तेही इतिहासात आहे. जानेवारी 1974. मध्य मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक. काँग्रेसचे उमेदवार रामराव आदिक, पाठीशी शिवसेना. पँथरने उघड्या सभेत सांगितलं, आमचा बहिष्कार. वरळीच्या बीडीडी चाळींत दगड पडले, पोलीस घुसले, दंगल दिवसेंदिवस चालली, मोर्चावर हल्ला झाला, भागवत जाधव शहीद झाला. आणि निकाल? आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. झोपडपट्टीतल्या आणि चाळीतल्या पोरांनी, ज्यांच्या खिशात बसच्या तिकिटाचे पैसे नव्हते, मुंबईतला एक मोठा डाव उधळला. कट न करता. रस्त्यावर उभं राहून, नाव घेऊन, कारण सांगून. सत्ता याला घाबरते. म्हणून तर गोंजारणं, फोडणं, पदं देणं सुरू झालं. त्याच वर्षी पँथर आतून फुटली. 1990 मध्ये पँथरच्या चळवळीतून आलेला नेता मुंबईत मंत्री झाला. रिपब्लिकन गटांची संख्या किती झाली हे मी इथे मोजत बसत नाही, पुढचा अंक येईपर्यंत ती बदललेली असेल.

तेव्हा आपणही या सिनेमातली पात्रं आहोत, हे विसरू नका. आपल्यातही जिवाजीराव आहेत, आपल्यातही दाभाडे आहेत, फक्त खुर्ची प्लास्टिकची आहे. जयंतीच्या कमिटीचा अध्यक्ष कोण, यावरून रात्री दोनपर्यंत फोन चालतात. बाबासाहेब राजकीय सत्तेला गुरुकिल्ली म्हणत. किल्ली कुलूप उघडण्यासाठी असते. आपल्यातल्या काहींनी ती कमरेला लटकवली आणि तिच्या खणखणाटावर नाचत सुटले.

आता शेवटाकडे. दिगू टिपणीस सगळं बघतो, सगळं समजतो आणि वेड्यासारखा हसत सुटतो. निळू फुल्यांचं ते हसू विसरता येत नाही. पण ते हसू कुणाचं आहे? ज्याचं डोकं दुखतं पण घर जळत नाही, त्याचं. ज्याला सत्य कळलंय पण ज्याच्या दारात त्या सत्याचं बिल आलेलं नाही, त्याचं. सगळेच चोर, कशाला मत द्यायचं, कशाला मोर्चा काढायचा, हे त्या हसण्याचं रोजच्या भाषेतलं भाषांतर. ते आपल्याला परवडत नाही. पोचीराम कांबळेंच्या घरात कुणाला असं हसता आलं असेल? रमाबाई नगरात? पालीच्या त्या कोळ्यालाही आलं नाही. तो म्हणाला, नोटीस लावून होते. आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर कामाला गेला, कारण त्याला हरकतीचा कागदही भरायचा होता आणि मासळीही विकायची होती.

म्हणून सांगणं एवढंच. 'सिंहासन' दाखवा. वस्तीत दाखवा, हॉस्टेलात दाखवा, भिंतीला चादर लावून दाखवा. आणि संपल्यावर घरी पळू नका. दिवे लावा, तासभर बसा. वॉर्डाच्या कचेरीवर लावलेल्या नोटिसा कोण वाचणार ते ठरवा. अर्थसंकल्पातलं आपलं पान कोण वाचणार ते ठरवा. हरकतीची मुदत कधी संपते ते भिंतीवर खडूने लिहा. निनावी फोनची वाट बघू नका. आपल्याविरुद्धचा प्रत्येक कट छापील असतो आणि त्याच्याखाली सही असते.

खुर्चीवर कोण बसतो यावर पैजा लावणारे पुष्कळ आहेत. ती खुर्ची रोज पुसणारी पोरगी ज्या दिवशी हातातलं फडकं खाली ठेवून विचारेल, हा हिशेब दाखवा, त्या दिवशी सिनेमा पुढे सरकेल.

जय भीम.